मोटरीची आंघोळ

१२ जानेवारी, सोमवार

आज मोटरीला दोनदा आंघोळ घातली. सकाळी धरणात जायच्या आधी एकदा, संध्याकाळी परत आल्यावर एकदा. पंचवीस वर्षांच्या संसारात यांनी स्वतःच्या आंघोळीची बादली कधी भरली नाही. मी भरायची, मी टॉवेल ठेवायचा, आणि वर "पानी निवलं की गं" हे ऐकून घ्यायचं. आता हाच माणूस घरच्या बोअरचं पाणी कॅनमध्ये भरतो, मोटरसायकलला दोन्हीकडून बांधून खाली काठाला नेतो, निळ्या ड्रमात ओततो, नावेच्या मागची मोटर सोडवून त्या ड्रमात उभी करतो आणि चालू करतो. मोटर खालून पाणी ओढते, पोटातून फिरवते आणि वरच्या बारीक भोकातून धार सोडते. धार जाड पडली की यांचा चेहरा उजळतो. माझ्या हातचं जेवून कधी इतका उजळला नाही.

कारण काय, तर तांडेल म्हणाला! मोटर जुनी, मालवणहून आणलेली. तिथल्या तांडेलानं, म्हणजे मासेमारीच्या बोटीच्या म्होरक्यानं, देताना बजावलं — ज्या पाण्यात चालवाल त्या पाण्यानं धुवायची नाही, रोज घरच्या नळाच्या पाण्यानं धुवायची, नाहीतर मीठ आतून खाऊन टाकतं. त्याचं बरोबर आहे, त्याच्या दारात समुद्र आहे. आमच्या दारात उजनीचं धरण. मी म्हटलं, "आवो, धरणाचं पानी गोडंच हाय की. मीठ कुटनं यायचं?"

"शिस्त म्हंजे शिस्त. तांडेल काय येडा हाय व्हय?"

नाही, तांडेल वेडा नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

मोटरीला हळदीकुंकू लावलं. तिळगूळही ठेवला, झाकणावर. मुंग्या लागल्या.

शेजारची बनाबाई वाण घ्यायला आली होती. तिच्या नवऱ्याची मासेमारीची होडी आहे, वल्ह्याची, तिला कधी कुणी आंघोळ घातली नाही. काठाकडं बघत म्हणाली, "विजयमाला, तुजी सवत लई नशीबवान हाय गं." बायका हसल्या. मीही हसले. हसताना डाव्या कुशीत कळ आली.

१९ जानेवारी, सोमवार

कुशीतलं दुखणं अंगणवाडीत पुन्हा उठलं. पोरांना खिचडी वाढता वाढता भिंतीला टेकून उभी राहिले. वर्ष होत आलं या दुखण्याला. येतं, जातं. लघवीला जळजळ, आणि धार म्हणाल तर नाव नको. हे असं कुणाला सांगायचं? कागदालाच सांगते.

संध्याकाळी यांना एवढंच सांगितलं की कुशीत दुखतंय. मान वर न करता म्हणाले, "वायू आसंल. वोवा खा." मोटरीचा प्लग पुसत होते. फडकं माझ्या जुन्या साडीचं. पैठणी नव्हती, तेवढं बरं.

ओवा खाल्ला.

२५ जानेवारी, रविवार

पर्यटक आले. रोहित पक्षी बघायला पुण्याहून माणसं येतात, मोठाले कॅमेरे गळ्यात. यांनी पिंपांवर फळ्या ठोकून जे काही केलंय त्याला "धक्का" म्हणतात. पूर्वी त्या जागेला सगळे काठ म्हणायचे. हे नावेत मागं उभे — एक हात मोटरीच्या दांडीवर, दुसरा कुशीवर. अगदी कॅप्टन. एका बाईनं त्यांचा तसाच फोटो काढला. आता येता-जाता तो हात कुशीवर असतो. आमच्या घरी कॅप्टनला पोज सापडली म्हणायची.

दुपारी सोलापूरहून पायलचा फोन. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं आता आम्हा दोघांवर तिचाच अधिकार चालतो. "आई, हे मुतखड्याचं लक्षण आहे. भरपूर पाणी पी. आणि दाखवून घे." म्हटलं, कुठलं पिऊ? आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, सोडा घालावा लागतो. साबणाला फेस नाही. चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, चमच्यानं खरवडला तरी निघत नाही. घसा ओला होईल इतकंच पिते मी. बाकी तहान चहावर भागवते.

पायलनं वडिलांना फिल्टरचं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, पाणी खारं आहे आपलं."

"माज्या बापानं ह्याच पान्यावर दिस काडलं."

इथं विषय संपतो. नेहमीच संपतो. जुनं गाव धरणात गेलं, गोड्या पाण्याची विहीर धरणात गेली, आणि या खडकाळ वस्तीवर मामंजींनी बोअर मारला तेव्हा पाणी लागलं म्हणून पेढे वाटले. ते पाणी खारं आहे असं म्हणणं म्हणजे मामंजींना नाव ठेवणं. मामंजी जाऊन किती वर्षं झाली, पण पाण्याची चव अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

बनाबाईनं हुलगे आणून दिले. "कढण करून पी. खडा इरघळतो." प्याले. कढणही त्याच पाण्याचं.

८ फेब्रुवारी, रविवार

हे हल्ली केळीच्या बागेकडं जातात आणि लवकर परत येत नाहीत. जाणं-येणंही वाढलंय. तिथं मोबाईलला रेंज चांगली आहे. तांडेलाचे व्हिडिओ बघत बसत असणार. आज पर्यटक धक्क्यावर ताटकळत उभे, आणि कॅप्टन केळीत! मी हाक मारली तर आतून ओरडले, "आलो की! जरा दम धर."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घरात सुतक पडल्यासारखं झालंय. मोटरीची धार बारीक झाली.

संध्याकाळी आंघोळ घालताना लक्षात आलं. आधी जाड पडायची, आता सुतासारखी, मध्येच तुटते, पुन्हा येते. यांचा चेहरा एवढासा. भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. "धार बारीक झाली म्हंजे आत कायतरी आडकलंय. गरम हुईल, बसंल जागंवरच. भर पान्यात बंद पडली तर काय करायचं? लोकं हायत नावंत."

भीती खरी आहे, मलाही कळते. पण मी बसले होते समोर. माझी धार बारीक होऊन वर्ष झालंय. मी काय जागेवर बसायची वाट बघायची? असं वाटलं की ओरडून सांगावं. पण कसं सांगणार — माझ्याकडं बघा, मी पण मोटर आहे म्हणून?

भाकरी झाकून ठेवली. सकाळी म्हशीनं खाल्ली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मोटर खोलली. अंगणात गोणपाट अंथरून त्यावर तिचे भाग मांडले. तांडेलाला व्हिडिओ कॉल लावला, फोन धरायला मी. पाणी फिरण्याच्या नळ्या उघडल्या तर आत पांढरं. दगडासारखं, थरावर थर. स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं तर खपली पडली.

तांडेल बघतच राहिला. "ह्यां मीठ खंयसून इलां? समुद्रात घातलंस काय तिका?"

"सोलापूर जिल्ह्यात समिंदर कुटनं आनू?"

"मग धुतलंस कशान?"

"तुमी सांगितलं तसंच की. रोज. दोनदा. घरच्या पान्यानं."

तांडेलानं डोकं खाजवलं, यांनीही. मी मात्र त्या खपलीकडं बघत होते, कारण ती मी रोज बघते. फोन यांच्या हातात दिला, आत गेले, चहाचं पातेलं आणलं आणि उपडं करून गोणपाटावर ठेवलं. पातेल्याचं बूड आणि मोटरीचं पोट, शेजारी शेजारी. एक शब्द बोलले नाही. पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा न बोलता भांडण जिंकलं.

म्हणजे धरणाच्या गोड्या पाण्यात चालणारी मोटर, तिला मिठापासून वाचवायला हे रोज खाऱ्या पाण्यानं धूत होते. एकदा नाही, दोनदा. शिस्त म्हणजे शिस्त!

यांनी ती खपली उचलली, बोटांत फिरवली, कागदात बांधली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. उठले ते कुशीवर हात ठेवून. मला वाटलं, आता मामंजींच्या बोअरचं काहीतरी होणार.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

फिल्टर आला! टेंभुर्णीहून आणला, मोटरसायकलवर पुढ्यात धरून. मी सकाळीच फडताळ रिकामं केलं होतं, भिंत पुसली होती, वर जुनं कॅलेंडर होतं ते काढलं होतं. कारागीर आला तेव्हा त्याच्यासाठी चहा टाकला. चहा घेऊन बाहेर आले तर दोघंही नाहीत. खाली धक्क्यावर. पत्र्याच्या शेडमध्ये फिल्टर ठोकणं चाललं होतं. बोअरची नळी तिथवर ओढलेली.

मला वाटलं, चुकून झालं असेल. विचारलं, "हितं कशाला? सैपाकघरात जागा करून ठिवलीया मी."

"आगं, मोटरीचं हाय ते!"

असं म्हणाले. कारागिरासमोर. हातातला चहा मी त्यालाच दिला.

"सैपाकघराचं बघू की. फुडल्या हंगामाला."

२१ फेब्रुवारी, शनिवार

राग आला आहे. लिहून कमी होत नाही. मोटर खरेदी करायला माझी परवानगी विचारली नव्हती, ते मी सोडलं. पण दुखतंय म्हटलं तेव्हा ओवा, आणि तिला फिल्टर? तिच्या पोटातला खडा खरा आणि माझ्या पोटातला वायू?

पायलला सांगितलं नाही. ती आली तर फिल्टर धरणात फेकील.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कळशी घेऊन मीच खाली गेले. शेडमध्ये जाऊन फिल्टरची तोटी सोडली, तिथंच ओंजळीनं प्याले. पाण्याला काही चवच नाही, इतकं गोड. माहेरच्या आडाची आठवण झाली. पोट भरेस्तोवर प्याले आणि कळशी भरून वर आणली. डाळ सोडा न घालता शिजली. यांनी दोनदा वाढून घेतली. चांगली का झाली ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

संध्याकाळी खालून आवाज — ड्रम भरला नाही. फिल्टर थेंब थेंब देतो, दिवसभर गळतो तेव्हा कुठं मोटरीच्या आंघोळीपुरतं जमतं. त्यातलं मी नेलं. मोटरीचा पाय पुरता बुडत नव्हता म्हणे.

"कोन नेतंय पानी?"

"तुमची बायकू."

आज मोटर अर्धीच धुतली गेली. वाईट वाटलं असं नाही.

४ मार्च, बुधवार

लिहवत नाही. पहाटेपासून वांत्या, कूस फाटतेय. बनाबाई येऊन बसली. यांनी पर्यटकांना नाही म्हणून सांगितलं. जेऊरहून गाडी धरणार, सोलापूरला. पायल स्टेशनवर येते आहे.

७ मार्च, शनिवार

सोलापूर. पायलच्या खोलीवर आहे. दुखणं इंजेक्शननं दबलंय, त्यामुळं आता निवांत लिहिते.

सोनोग्राफीत खडा दिसला. डॉक्टर तरुण होते, भराभर विचारत होते आणि मी लाजत होते. परक्या पुरुषाला काय काय सांगायचं? तर हेच पुढं सरकले आणि सांगायला लागले. "पाठीतनं निगतंय सायेब. कुशीतनं फुडं येतंय, मग खाली जांगंत उतरतंय, पार मांडीपातूर. बसलं तरी न्हाय, उभं ऱ्हायलं तरी न्हाय. मग घाम सुटतो."

डॉक्टरांनी विचारलं, लघवीची धार?

"लई बारीक. मदीच तुटती. हुबं ऱ्हावं लागतं लई येळ, तवा येती."

मी जमिनीकडं बघत बसले. पायल माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं बघायचं टाळलं. हे यांना कधी सांगितलं मी? एवढं तर मी कागदालाही लिहिलं नाही. प्लग पुसत होते, मान वर केली नव्हती — आणि सगळं टिपत होते! दुखणं कुठून निघतं, कुठं जातं, घाम कधी सुटतो. थोडं जास्तच सांगितलं. मांडीपर्यंत काही माझं गेलं नव्हतं. पण आपल्या माणसाच्या दुखण्याचं वर्णन जरा वाढवूनच होतं, माया असली की.

मग खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. मोटरीतली खपली. "ह्यो मोटरीत निगाला. आत असाच आसतोय का?" डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, अगदी असाच नाही, पण पाणी चांगलं आणि भरपूर प्या. खारं लागतं म्हणून कमी पिणं बंद करा. औषधानं पडेल, नाही पडला तर दुर्बिणीनं काढू. हे लक्ष देऊन ऐकत होते, तांडेलाचं ऐकतात तसं. "दिसाला किती प्यायचं?" दोनदा विचारून घेतलं.

बाहेर आल्यावर माझ्या हातातली पिशवी घेतली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी पायलला म्हटलं, "तुजं बाबा ऐकत हुतं की गं सगळं." माझे डोळे भरून आले, ते लपवायला केळीवाल्याशी उगाच घासाघीस केली. वस्तीवर केळीची बाग असताना.

१२ मार्च, गुरुवार

घरी आले. खडा काल पडला. हरभऱ्याच्या डाळीएवढाही नाही, आणि एवढा माज!

आणि फिल्टर स्वयंपाकघरात. माझ्या आधी परत येऊन यांनी स्वतः काढून आणून ठोकला, जरा वाकडा. कॅलेंडर पुन्हा त्याच्या शेजारी लावलं. मी ग्लास भरला आणि प्याले. परत भरला.

संध्याकाळी खिडकीतून बघितलं. ड्रम उपडा पडलेला. मोटर नावेलाच, पाय धरणात, तशीच चालू ठेवलेली. बनाबाई काठावरून जात होती. तिनं विचारलं, "काय कुंडलिकराव, आज आंगूळ न्हाय?"

"धरनाचं पानी गोडंच हाय की," हे म्हणाले. जसं काही हे यांनीच शोधून काढलं!

पण मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या भांडणात आठवेल.

१९ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारताना काठी यांच्या हातातून सुटली. दोन्ही हात डाव्या कुशीवर गेले. भिंतीला टेकले, कपाळावर घाम. ती कॅप्टनची पोज. केळीच्या बागेतून लवकर न येणं, ते धारेसाठी उभं राहणं.

म्हटलं, काय झालं?

"काय न्हाय. वायू आसंल."

डॉक्टरांना सांगितलेलं ते दुखणं माझं नव्हतंच.

पायलला फोन केला, उद्याची गाडी धरतो म्हणून. मग फिल्टरचा तांब्या भरून यांच्यापुढं धरला. घेईनात. म्हणाले, ते तुझं आहे, डॉक्टरांनी तुला सांगितलंय.

"मोटरीचं हाय," म्हटलं, "प्या."

सगळा तांब्या प्याले.